निव्वळ

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी
माझी केबिन. चार बाय सहा.
बाहेर साठ टनांचा वजनकाटा, आत मी,
एक टेबलफॅन, आणि ड्रॉवरमध्ये
पावत्यांच्या खाली भडंगाचा पुडा.
हळदीची गाडी चढते, आकडा टिपते.
मोकळी होऊन परत येते, तोही टिपते.
भरल्यातून मोकळी वजा,
राहतं ते निव्वळ.
सांगलीत अकरा वर्षं हीच एक वजाबाकी;
केसांतला हळदीचा वास
आता शिकेकाईनंही जात नाही.

श्रावणात एका दुपारी लाईन नव्हती,
वॉचमन चहाला गेलेला.
चपला काढून मीच चढले काट्यावर.
काचेत लाल आकडा उमटला: नव्वद.
हा काटा दहा-दहानंच बोलतो,
मधलं काही त्याला दिसत नाही,
आमच्या नणंदेसारखा.

स्वतःच्या नावाची पावती फाडली.
वाहन क्रमांक: काट मारली.
मालाचा प्रकार: इथं पेन थांबलं.
हळद नाही, बेदाणा नाही, गूळ नाही.
मग हे आहे तरी काय?

सौरभच्या ताटातला रोजचा अर्धा भात.
सासऱ्यांनी कड कडक म्हणून सोडलेली भाकरी.
पातेल्याच्या तळाची आमटी,
एवढ्याशासाठी कुठं वाटी काढू.
उभ्यानं, ओट्याशी, दिवा मालवता मालवता.
अन्न टाकू नये, म्हणायची आई.
टाकलं नाहीच.
ठेवलं कुठं, ते कुणी विचारलं नाही.

नणंदबाईंनी उपाय धाडले:
लिंबू, मध, कोमट पाणी,
सात दिवस नुसती काकडी.
चौथ्या दिवशी गाड्या तुंबल्या,
ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेले.
पुडा फोडला. अख्खा.
तळातल्या लसणाच्या पाकळ्यासुद्धा वेचल्या.
मग दुपारभर स्वतःला असं बोलले,
जसं ओव्हरलोड गाडीलाही कधी बोलले नव्हते.

समडोळीचा आदगोंडा ड्रायव्हर
दिवस मावळायच्या आत जेवतो,
माझ्याच पायरीवर बसून.
त्या दिवशी तिसरी भाकरी तशीच ठेवून
त्यानं डबा झाकला.
'पोट भरलं?'
'न्हाई वो. जागा ठेवलीया.'
उठता उठता टायरवर थाप मारून म्हणाला,
'सोळा टनाचं पासिंग हाय,
म्हणून रोज सोळाच घालायचं व्हय?'
आणि गेला. पावतीही विसरून गेला.

त्या रात्री आठवा गोळा हातात घेतला
आणि परातीत परत ठेवला.
सात भाकरी. कुणाला कमी पडलं नाही,
कुणाला कळलंही नाही.
सौरभला म्हटलं, लागेल तेवढंच घे,
मागून वाढते.
सासऱ्यांना तव्यावरची ताटात दिली,
कड आज मऊ आहे, म्हणाले.
मग मी जेवले. बसून.
आणि बसून जेवल्यावर पहिल्यांदा समजलं,
माझ्या मेथीत मीठ जास्त पडतं.

पुडा अजून ड्रॉवरमध्येच आहे, रबर लावलेला.
मूठभर काढते, वाटीत.
खाताना पावती फाडत नाही.
एखाद्या दिवशी दोन मुठी होतात,
त्याची नोंद ठेवत नाही.

दिवाळी झाल्यावर परत चढले.
नव्वद. ऐंशी. परत नव्वद.
लुकलुकत राहिला आकडा, त्यालाच ठरेना.
श्रावणातली पावती पर्समध्ये होती,
भरगाडीचा रकाना भरलेला,
मोकळीचा कोरा.
राहू दे कोरा.
मोकळं होऊन परत आलेलं माणूस
या फाटकातून मी तरी पाहिलेलं नाही.
मालाच्या जागी, बॉलपेन झटकून,
तिथंच उभ्या उभ्या लिहिलं:
उतराई चालू.

मागं हॉर्न वाजला.
चपला कुठं काढल्या होत्या,
तेच आठवेना.